भंगारात घाल

मिस्त्रींचं दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. आत बसायला एक स्टूल, आणि बाकी सगळी शिलाई मशीनची डोकी. फळीवर डोकी, जमिनीवर डोकी, स्टुलाखाली डोकी. मागच्या भिंतीला लहान लहान खण, आणि प्रत्येक खणावर कागदाची चिठ्ठी: सुया, स्प्रिंगा, स्क्रू, पट्टे, डब्या. चिठ्ठ्यांवरचं अक्षर सूनबाईचं. तेरा वर्षांपूर्वी, मिस्त्री पंचावन्न वर्षांचे असताना, तिने त्यांना या चिठ्ठ्यांवरूनच वाचायला शिकवलं. "बाबा, स्क्रू कुठल्या खणात आहे ते तुम्हाला डोळे मिटून कळतं ना? मग त्याच्यावर लिहिलंय तेही स्क्रूच. म्हणा." जोडाक्षरापासून शिक्षण सुरू झालेला माणूस जगात दुसरा नसेल.

वाचायला यायला लागल्यावर मिस्त्री दिसेल ते वाचायचे. औषधाची बाटली, रंगाचा डबा, कुणाच्या पाठीवरचं नाव. ओठ हलवत, एकेक अक्षर चाचपत. मग सूनबाईने फोन हातात दिला, आणि त्या फोनमध्ये त्यांना दोन ठिकाणं सापडली, जिथे जगभरचे लोक शिलाई मशीनबद्दल लिहीत होते. दोन्ही ठिकाणी मिस्त्री रमले. ठिकाणं मात्र एकमेकांना ओळख दाखवणार नाहीत अशी होती.

पहिलं ठिकाण 'खटपट'. तिथे सगळे दुरुस्तीवाले. सगळ्यांचे अंगठे तेलकट, सगळ्यांचं शुद्धलेखन दिव्य. कुणी 'नमस्कार' लिहिलं तर लोक विचारायचे, "का रे, कोण गेलं?" तिथे मिस्त्रींना सगळे 'डबीवाला' म्हणायचे, कारण बॉबिनच्या डबीतला बिघाड त्यांच्याइतका कुणाला कळत नव्हता. अ‍ॅडमिन होता मुकादम. एकेकाळी कारखान्यात दोनशे मशीन सांभाळलेला माणूस. शिव्या द्या, टिंगल करा, मुकादम ढुंकून बघायचा नाही. त्याचे नियम दोनच. एक, प्रश्नाबरोबर फोटो हवा. दोन, लिहिलेलं पुसायचं नाही. चुकीचं उत्तर दिलंस? राहू दे तिथेच. त्याच्याखाली दहा जण तुझे वाभाडे काढतील, ते वाचून पुढचा शहाणा होईल. पुसणाऱ्याला मुकादम महिनाभर बाहेर काढायचा.

आणि फोटो नसलेल्या प्रश्नाला उत्तर ठरलेलं: "भंगारात घाल."

त्याचा अर्थ मशीन भंगारात घाल असा नव्हे. त्याचा अर्थ, बाबा रे, फोटो टाक, आम्ही काय ज्योतिषी आहोत? नवा माणूस आधी चिडायचा, मग निमूट फोटो टाकायचा, आणि महिन्याभरात स्वतःच दुसऱ्यांना भंगारात घालायला सांगायचा.

दुसरं ठिकाण 'सुईदोरा'. घरी शिवणकाम करणाऱ्यांचं. तिथली अ‍ॅडमिन निवृत्त शिक्षिका होती, सगळे तिला 'बाई' म्हणायचे. तिथे वाकडी शिवण टाकली तरी खाली "किती छान प्रयत्न, ताई" असं यायचं. कुणाच्या कामाला नावं ठेवायची नाहीत. प्रत्येक शब्द आधी बाई वाचणार, मगच तो सगळ्यांना दिसणार. यातून सूट फक्त चार जणांना. ते 'जाणकार'. त्यांच्या नावापुढे सुईचं बारीकसं चित्र असायचं आणि त्यांचं उत्तर लिहिल्याबरोबर दिसायचं. जाणकारांशी वाद घालायचा नाही, हात जोडायचे, अशी तिथली रीत.

त्या चौघांतले एक मिस्त्री. उभं आयुष्य अंगठा उमटवण्यात गेलेला हा माणूस. सुईचं चित्र मिळालं त्या दिवशी त्यांनी फोन तीनदा सूनबाईपुढे नेला. "बघ गं, माझ्या नावापुढे हे काय आलंय? चष्म्यामुळे नीट दिसत नाही." तिला चष्म्याची भानगड कळली होती, पण तीही तीनदा "अय्या" म्हणाली.

त्या सकाळी खटपटवर रंग चढला होता. एका नवख्याने फोटोशिवाय प्रश्न टाकला होता आणि अठरा जणांनी त्याला भंगारात घालायला सांगितलं होतं. मिस्त्री स्टुलावर बसून एकटेच हसत होते. तेवढ्यात फोन वाजला, आणखी एक प्रश्न. "मशीनचा टाका सुटतो. खाली दोऱ्याचा गुंता होतो. खडखड आवाज येतो. काय करू?" फोटो नाही. मिस्त्रींचं बोट शिकवल्यासारखं चाललं: भंगारात घाल.

पाठवल्यावर लक्षात आलं, हा प्रश्न सुईदोऱ्यावरचा होता. विचारणारीचं तिथलं नाव 'तुरपाई'.

आता इथे नीट ऐका, कारण मिस्त्री पुढे स्वतःशी पुष्कळ दिवस इथेच अडकून राहिले. तेव्हाच पुसलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. खाली एक ओळ लिहिली असती तरी संपली असती. उत्तर त्यांना ठाऊक होतं. सुई उलटी बसवली की अगदी असंच होतं. सुईची सपाट बाजू फिरवायची, शटलमध्ये अडकलेला दोरा काढायचा, अर्ध्या मिनिटाचं काम. पण दारात एक शिंपी मशीनचं डोकं पोत्यात गुंडाळून उभा होता, आणि त्याची घाई होती. मिस्त्रींच्या मनात आलं, असू दे. हसतील. त्या बायकांनाही जरा हसायला हवं.

दुपारी बघितलं तर त्यांच्या उत्तराखाली अकरा जणींनी हात जोडले होते. खटपटवर हात जोडणं म्हणजे "बस कर बाबा, हसून मेलो." मिस्त्री खूश झाले. म्हणाले, चला, इथेही लोकांना गंमत कळायला लागली.

पाचव्या दिवशी सकाळी तुरपाईने पुन्हा लिहिलं. मिस्त्रींनी ते ओठ हलवत वाचलं.

"जाणकार काकांनी सांगितलं तसं केलं. मशीन काल भंगारात दिलं. आईचं होतं. मला वाटत होतं दुरुस्त होईल, पण काकांना जास्त कळतं. त्या माणसाने फाटकापाशीच हातोड्याने लोखंड वेगळं केलं. आता नवीन कोणतं घ्यावं ते कुणी सांगेल का?"

मिस्त्रींनी ते पहिल्यापासून पुन्हा वाचलं. वाटलं, अक्षर चुकलं असेल आपलं. 'भंगारात दिलं' हे शब्द तिसऱ्यांदा वाचले तरी तेच निघाले. आणि मग त्यांनी जे केलं ते असं: वर जाऊन स्वतःचं उत्तर शोधलं, त्यावर बोट दाबून धरलं आणि पुसून टाकलं. विचार केलाच नाही. गरम भांड्यावरून हात काढावा तसं.

तासाभराने बाई आल्या. "तुरपाईताई, वाईट वाटलं. पण काकांचं असं उत्तर इथे दिसत नाही. काका असं कधीच म्हणणार नाहीत. आपण सर्वांनीच उत्तरं नीट वाचून मग निर्णय घ्यावेत, ही विनंती."

खाली हात जोडलेले. सहा, सात, नऊ.

तुरपाईचं उत्तर लगेच आलं. "माफ करा. मी वाचायला मोठेपणी शिकले. अजून पुष्कळ चुकतं. काहीतरी वेगळं लिहिलं असेल आणि मी भलतंच वाचलं असेल. काकांवर आळ आला, त्यांनी क्षमा करावी. यापुढे मी मुलीकडून वाचून घेत जाईन."

मिस्त्रींनी फोन मांडीवर पालथा ठेवला. दुकानाबाहेर जिन्यावरून कुणीतरी खाली उतरलं, कुणीतरी वर गेलं. त्यांना वाटलं, जाणारा प्रत्येक जण आत वाकून बघतोय. कोपऱ्यातल्या एका मशीनचं चाक त्यांनी उगाच फिरवलं. फोन पुन्हा वाजला. एका जुन्या सभासद ताईंनी खासगीत, फक्त त्यांना लिहिलं होतं: "काका, तुमचं उत्तर मी वाचलं होतं. आम्ही बऱ्याच जणींनी वाचलं होतं. पण तुम्ही अजिबात काळजी करू नका, कुणी काही बोलणार नाही. तुमच्यासारखं माणूस आम्हाला हवं आहे."

हे वाचून मिस्त्रींना जेवढी लाज वाटली तेवढी कुणी चारचौघांत कानाखाली वाजवली असती तरी वाटली नसती. त्यांना सांभाळून घेत होत्या त्या. आणि तिकडे एक बाई स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचं सोडून देत होती.

ते खटपटवर गेले. शिव्या खायला गेले, खरं तर. शिव्या बसल्या की हलकं वाटेल असा अंदाज होता. झालेलं सगळं लिहिलं, दीड तास लागला. पहिल्या दोन मिनिटांत शिव्या आल्याच.

"डबीवाल्या, तुझ्याच डोक्यात दोरा गुंतलाय."

"शिंप्याच्या घाईसाठी बाईचं मशीन तोडलंस? शाब्बास."

"म्हाताऱ्याला चष्मा नको, कान पिळायला माणूस हवा."

मिस्त्रींना बरं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात मुकादमने विचारलं, "ते उत्तर आहे का अजून तिथे?"

"नाही. पुसलं."

त्यानंतर कुणीच काही लिहिलं नाही. अठरा-वीस माणसं समोर होती, दिसत होतं की वाचतायत, आणि एकाचंही बोट हललं नाही. मग मुकादमची ओळ आली. "इथे असो की तिथे. पुसलंस ना? महिना बाहेर." आणि पडद्यावरून खटपट नाहीशी झाली.

दुपारी सूनबाई डबा घेऊन आली तेव्हा मिस्त्री जमिनीवर बसले होते. समोर फळीवरचं सगळ्यात चांगलं डोकं, काळं, सोनेरी वेलबुट्टीचं, आणि ते फडक्याने पुसत होते.

"हे कुणाचं?"

"पाठवायचंय एकीला. खोकं मिळेल का गं घरी?"

"हे तर तुम्ही कुणाला हात लावू देत नाही. बाबा, काय झालंय? सकाळीही धड जेवला नाहीत."

मिस्त्रींनी सांगितलं. फडकं थांबवलं नाही, तिच्याकडे बघितलं नाही. पुसल्याचं सांगताना आवाज इतका बारीक झाला की तिला दोनदा विचारावं लागलं.

सूनबाई जिन्याच्या पायरीवर बसली. "आणि त्यांना वाटतंय त्यांना वाचता येत नाही."

"हं."

"बाबा, तुम्हाला आठवतंय, तुम्ही पहिल्यांदा बाजारात पाटी वाचलीत, आणि तो दुकानदार म्हणाला असं काही लिहिलेलंच नाही? गंमत करत होता मेला. तुम्ही पंधरा दिवस पुस्तकाला हात लावला नाहीत."

"ते कशाला आता."

"असंच. डबा उघडा."

"आधी हे खोक्यात घालू दे."

"मशीन नंतर. आधी लिहा. नाहीतर ते तोंड बंद ठेवण्यासाठी दिल्यासारखं होईल."

"तू लिही ना. मी सांगतो."

"मी का लिहू? मी थोडीच सांगितलं भंगारात घाला म्हणून?" ती उठली, साडीची धूळ झटकली. "आणि त्यांना माझं शुद्धलेखन नकोय, तुमचं हवंय." डबा स्टुलावर ठेवून ती गेली.

मिस्त्रींनी लिहिलं. बोट तेलकट होतं, अक्षरं घसरत होती. "तुरपाई ताई, मी लीहीलं होतं भंगारात घाल. तुम्ही बरोबर वाचलं. ती दुसरीकडची थट्टा होती, फोटो टाका असा अर्थ. इथे लीहायला नको होती. लक्षात आलं तरी तशीच ठेवली, हसतील म्हणून. तुमचं मशीन गेलं हे वाचून मी उत्तर पुसून टाकलं. बाईंना दिसलं नाही ते म्हणून. मी पण मोठेपणी शिकलो वाचायला. मला माफ करा म्हणायला तोंड नाही." पाठवलं. लगेच दिसलं. सुईच्या चित्रासकट.

दहा मिनिटांत ते नाहीसं झालं, आणि फोन वाजला. बाई बोलत होत्या. आवाज गोड, वर्गात रडणाऱ्या पोराला समजवावं तसा.

"काका, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे, बाई."

"मी तुमचं लिहिलेलं काढून ठेवलंय. गैरसमज नको. असं सगळ्यांसमोर लिहून वातावरण बिघडतं हो. चारशे जणी आहेत. उद्या जाणकारांवर कोण भरवसा ठेवेल? मी तुरपाईताईंना खासगीत समजावते."

"काय समजावणार?"

"की काहीतरी घोटाळा झाला. तुमचाही दोष नाही, त्यांचाही नाही."

"माझा आहे ना पण."

"काका, मोठ्या मनाने घ्या."

"बाई, तिने चारशे जणींसमोर सांगितलंय की तिला नीट वाचता येत नाही. तुम्ही खासगीत सांगाल ते तिला एकटीला कळेल. बाकीच्यांना ती अडाणीच राहणार."

बाईंचा आवाज बदलला, थोडा खरखरीत झाला, थोडा त्यांचा स्वतःचा. "मी सुद्धा तिला तसंच म्हटलं, नाही का? नीट वाचा म्हणून."

"तुम्हाला दिसलंच नव्हतं. मी पुसलेलं."

"विचारायला हवं होतं मी तुम्हाला. विचारलं नाही. जाणकार आहेत म्हटलं." त्यांनी श्वास सोडला. "परत लावते. पण मग तुमच्या नावापुढची सुई काढावी लागेल, काका. नियम आहे. आणि यापुढे तुमचं प्रत्येक उत्तर आधी मी तपासणार. सगळ्यांसारखं."

"तपासा."

"राग नाही ना?"

"नाही हो."

राग नव्हताच. पण सुई गेली तेव्हा मिस्त्रींनी बघितलं. त्यांचं नाव तिथे नुसतंच उभं होतं, पुढची जागा रिकामी. कुणी चारचौघांत डोक्यावरची टोपी काढून न्यावी तसं त्यांना झालं, आणि असं वाटल्याचीही लाज वाटली. तिकडे एका बाईच्या आईचं मशीन फुटलं होतं आणि इकडे हे महाशय बारीकशा चित्रासाठी हळहळत होते.

त्यांचं लिहिलेलं परत दिसायला लागलं. या वेळी खाली कुणी हात जोडले नाहीत. काय करावं हे कुणाला कळत नसावं. तशी रीतच नव्हती तिथे. बऱ्याच वेळाने एकीने लिहिलं, "मीही वाचलं होतं ते. गप्प बसले." मग दुसरीने. मग जिने खासगीत धीर दिला होता तिनेही, फक्त तीन शब्द: "मी पण वाचलं."

ऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आलं तेव्हा तुरपाईचं उत्तर आलं.

"म्हणजे मी बरोबर वाचलं होतं."

तेवढंच. मिस्त्रींनी ते वाचलं आणि वाट बघत राहिले. शिवी येईल असं वाटत होतं, आलेली बरी असं वाटत होतं. शिवी आली नाही. थोड्या वेळाने दुसरी ओळ आली.

"पण काका, मग मशीनला झालं काय होतं?"

मिस्त्रींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. प्रश्न तोच होता. उत्तर टाळायच्या कितीतरी वाटा त्यांना दिसल्या. फोटो नव्हता, त्यामुळे सांगता येत नाही, असं लिहिता आलं असतं. आणि ते खटपटवर सगळ्यांनी मान्य केलं असतं. जुनं मशीन होतं, आज ना उद्या गेलंच असतं, हेही लिहिता आलं असतं. तिला बरं वाटलं असतं. सुईदोऱ्यावर सगळ्यांनी त्याला हात जोडले असते.

त्यांनी लिहिलं, "ताई, बहुतेक सुई उलटी बसली होती. सपाट बाजू फिरवून बसवायची असते. खाली अडकलेला दोरा काढायचा. अर्ध्या मिनीटाचं काम होतं. मशीन चांगलं असणार. मला तेव्हाच माहीत होतं." 'तेव्हाच' हा शब्द लिहून ते थांबले, खोडला, पुन्हा लिहिला, आणि पाठवलं.

ते दिसलं नाही. त्या जागी करड्या अक्षरांत आलं: तुमचं उत्तर तपासणीसाठी थांबलं आहे. त्याच्या शेजारी एक चौकट होती. मिस्त्रींनी तीही वाचली, सवयीने, ओठ हलवत. मागे घ्या.

दारात एक बाई मुलीचा हात धरून उभी होती, पिशवीत मशीनचं डोकं. "मिस्त्री, टाका सुटतोय हो. आज बघाल का?"

"ठेवा इथे," मिस्त्री म्हणाले. त्यांनी त्या चौकटीला बोट लावलं नाही, की फोन बंद केला नाही. उघडाच, पडदा वर करून, स्टुलावर डब्याशेजारी ठेवला, हात पुसले, आणि त्या बाईच्या मशीनची सुई कुठल्या बाजूने बसवली आहे ते बघायला खाली वाकले.